नातीनं मागितलेली माफी

“नातीनं घराण्याचं नाक कापलं,” विमानतळाच्या बाकावर आजीबाई शेजारी बसलेल्या बाईला सांगत होत्या.

“असं काय केलं?”

“आमचे हे मंत्री होते, मुलगा राजदूत. जन्मभर ‘खेद वाटतो’च्या पुढं दोघं सरकले नाहीत. आणि ही परराष्ट्र खात्यातल्या आपल्या पहिल्याच वाटाघाटीत परक्या देशाला म्हणाली, आमचीच बोट तुमच्या हद्दीत शिरली, माफ करा.”

“मग?”

“मग काय, चौदा महिने डांबलेले खलाशी सोडले त्यांनी.”

“ठाऊक आहे. त्या बोटीवरचा स्वयंपाकी माझा नवरा. त्यालाच न्यायला आलेय.”

आजीबाईंनी तिचा हात हातात घेतला. तेवढ्यात नात खाली मान घालून बाहेर आली.

“रागावलीस, आजी?”

“रागावले होते. तुझ्या आजोबांची जीभ चाळीस वर्षं जे बोलायला रेटली नाही, ते तू बोललीस. मान वर कर.”