सासूबाईंनी प्यायलेला निम्मा ग्लास

रोज रक्त काढून कंटाळा येत नाही का, म्हणता? शुक्रवार पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये परवा काय झालं ते ऐका. मैंदर्गीची एक सहा महिन्यांची गरोदर पोरगी साखरेच्या तपासणीला आली होती. सोबत मेंढरं राखणारी सासू. मी पोरीला ग्लुकोजचं पाणी दिलं. "सगळं पिऊन टाक. दोन तासांनी रक्त घेते." वळून बघते तर निम्मा ग्लास सासूच्या पोटात!

"मावशी, हे काय केलंत?"

"ती एकटी कशी पील? मलाबी घ्या म्हनली की."

तपासणी वाया गेली. मी चिडून म्हटलं, "मग आता तुमचंही रक्त द्या!" बोट टोचलं, तर मशीनवर आकडा चारशेच्या वर. निम्म्या ग्लासानं लगेच एवढी साखर चढत नाही हो!

"मावशी, कुठं जखम आहे का?"

त्यांनी टाच दाखवली. "दोन म्हैनं झालं, भरंना." तुम्हाला साखरेचा आजार दिसतोय, असं सांगून मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सुनेची तपासणी पुन्हा केली. तिची साखर अगदी ठीक निघाली. सासूनं सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "अजून तोंड न्हाय दावलं, अन् आजीचं दुखनं हुडकलं की गं ह्या लेकरानं!"