रुमालाखालची किंमत

राधाकृष्ण : गाडी छान चालते, हे मला मान्य आहे कानिफराव. पण आमची विमा कंपनी वय बघते. तुमची मॉरिस तेहतीस वर्षांची. तिला घसारा लागलेला आहे.

कानिफनाथ : कुठं लागलाय? दाखवा.

राधाकृष्ण : अहो, तो डोळ्यांना दिसत नाही.

कानिफनाथ : न्हाई, दाखवाच. रोज मऊ फडक्यानं पुसतो मी. ह्या मडगार्डवर हात फिरवा. घासल्याची एक रेघ घावली, तर गप बसतो.

राधाकृष्ण : तसं नव्हे. गाडी जुनी होते, तशी कागदावर दरसाल तिची किंमत थोडी उतरवत जायची. त्याला घसारा म्हणतात.

मनकर्णा : म्हंजी गाडी हितं कोल्हारात उभी, आन घासतोय तुमच्या हापिसातला कारकून! घ्या साहेब, च्या घ्या. गुळाचा हाय.

राधाकृष्ण : तसंच म्हणा मावशी. त्या हिशेबानं हिची किंमत भंगाराएवढी येते.

कानिफनाथ : भंगार! भिंगारच्या कॅम्पात मेजरसाहेबाची ही गाडी मीच चालवायचो. स्वातंत्र्य आलं, साहेब विलायतेला निघाला, तवा बैलजोडी इकून घेतली ही.

मनकर्णा : आन मामंजी मला इचारायचे, “सूनबाई, आता नांगराला मोटार जुपायची व्हय?” जसं काय मीच घ्यायला लावली.

राधाकृष्ण : पण इतकी वर्षं नुसता सक्तीचा विमा काढत आलात. आताच गाडीच्या नुकसानीचाही पुरता विमा कशाला हवा?

मनकर्णा : ह्यांना इचारा. मला समुद्र दाखवायचाय त्यांना. लगीन झाल्यापासनं दाखवत्यात.

कानिफनाथ : खंडाळ्याचा घाट उतरून अलिबागेला जायचं, बस. पन ही पाय ठेवंना गाडीत.

मनकर्णा : का ठेवू? घाटात गाडीचं काय वाईट झालं, तर ह्यांना दुसरी अशी कुठं मिळायची? कंपनी भंगाराचं पैसं हातावर ठेवनार, आन हे भिंतीकडं तोंड करून बसनार. मला न्हाई बघवायचं ते. खऱ्या किमतीचा कागद हुईस्तवर मी न्हाई यायची.

राधाकृष्ण : मग गाडी तुम्ही नुसती पुसताच?

कानिफनाथ : रोज सांजच्याला इंजन चालू करून बसतो. डोळं मिटलं, की ती घाट उतरतीया. कुनी हॉर्न देत न्हाई, कुनी आडवं येत न्हाई. ही शेजारी बसल्याली, पदर वाऱ्यावर. खाली समदं निळं. पन निळं दिसलं रे दिसलं, की मला जाग येती. पोचलो न्हाई अजून.

राधाकृष्ण : मी बसू का जरा आत?

कानिफनाथ : बसा की. दार हळू लावा, आपटलं तर रुसतं. थांबा, इंजन लावतो.

राधाकृष्ण : आवाज किती खोल आहे. आणि ही बाहेर आलेली दांडी कसली?

कानिफनाथ : वळायचा बाण हाय तो. डाव्या अंगाला वळायचं असलं, की पाखरानं पंख काढावा तसा बाहेर येतो. आत दिवा हाय त्याच्या.

मनकर्णा : साहेब... अवो साहेब! च्या गार झाला तुमचा.

राधाकृष्ण : हं? माफ करा मावशी. मीही घाटातच होतो.

मनकर्णा : झालं! आता दोघं झाले.

राधाकृष्ण : ऐका कानिफराव, एक वाट आहे. जपलेल्या जुन्या गाडीसाठी ठरीव रकमेचा विमा निघतो. रक्कम आजच दोघांनी मिळून ठरवायची. पुढं गाडी गेलीच, तर तेवढीच द्यायची. घसारा मोजायचा नाही. मी शिफारस केली, की वरचे साहेब सहसा मोडत नाहीत. बोला, किती लिहू?

कानिफनाथ : तोंडानं न्हाई बोलायचं.

राधाकृष्ण : का?

मनकर्णा : दावणीच्या बैलापुढं मालकानं किंमत बोलली, की बैलाला वाटतं आपल्याला इकायला काढलं. मग तो वैरन सोडतो.

राधाकृष्ण : मावशी, ही मोटार आहे!

मनकर्णा : हे मला नका सांगू, ह्यांना सांगा.

कानिफनाथ : ती ऐकतीया. तुमी खाली उतरा, हात हिकडं द्या. वर माझा रुमाल टाकतो. बैलबाजार कंदी बघितला न्हाई?

राधाकृष्ण : नाही हो. आमचं सगळं आयुष्य नगरच्या गल्लीत.

कानिफनाथ : मग शिका, सोपं हाय. मी तुमची जितकी बोटं धरीन, तितका आकडा. समदा पंजा धरला, की पाच. पटलं न्हाई, तर तुमी माझी बोटं धरायची. घाई करायची न्हाई, आन तोंडावर काई दावायचं न्हाई.

राधाकृष्ण : शेकड्यात की हजारात?

कानिफनाथ : हजारात. एवढं म्हनायला चालतं.

(दोघांचे हात रुमालाखाली. इंजिन संथ चालू आहे.)

राधाकृष्ण : बाप रे! एवढे?

कानिफनाथ : शू! तोंड बघा तुमचं. बाजारात पार लुटतील तुमाला.

राधाकृष्ण : वरचे साहेब मला कच्चा खातील. हे घ्या, हे माझं.

कानिफनाथ : भीत भीत काय धरताय? कुनाचं बोट हाय त्येच कळंना. नीट धरा. हां. आता एक वाढवा.

राधाकृष्ण : वाढवलं. पण यापुढं नाही, खरंच नाही.

कानिफनाथ : ...बरं. ठरलं. काढा रुमाल.

मनकर्णा : किती ठरलं?

राधाकृष्ण : मला बोलायची बंदी आहे मावशी. पण आमचा घसाऱ्याचा कारकून खुर्चीवरून पडणार. कानिफराव, कागदावर मात्र आकडा लिहावा लागेल.

कानिफनाथ : लिवा, लिवा. गाडीला वाचता येत न्हाई.

राधाकृष्ण : मग निघतो मी. मंजुरी आली, की कागद टपालानं येईल. तोवर घाटात जायचं नाही. डोळे मिटून गेलात, तर हरकत नाही.

मनकर्णा : सावकास जावा साहेब... अवो, खरं सांगा. खऱ्या किमतीचाच व्हनार ना कागद?

कानिफनाथ : खऱ्याच्या एक बोट खाली. ते मी सोडलं.

मनकर्णा : तुमी? बैलाच्या सौद्यात कंदी अर्धं बोट सोडलं न्हाई तुमी.

कानिफनाथ : बैलांना कुठं समुद्र बघायचा हुता?

मनकर्णा : ...कागद आला, की येते मी.

कानिफनाथ : आत्ता नुसती बसून तर बघ. जागची हलवत न्हाई गाडी.

मनकर्णा : सरका. अगं बाई, केवढी मऊ गादी ही! आन मला इतकी वर्षं कुनी सांगितलं न्हाई.

कानिफनाथ : डोळं मीट. आता घाट उतरतोय आपुन. दिसतंय का?

मनकर्णा : दिसतंय. लई निळं हाय... अवो, आपल्या प्रवरेला पल्याडचा काठ तरी हाय. ह्याला न्हाईच म्हनत्यात. मग गाडी वळवायची कुठं?