रेलवरचं कुंकू

मी मूळचा शिरड शहापूरचा. माझा बाप बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचा, अन् म्या औंढ्यात फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्याला आता चांगली वीस-बावीस वर्सं झाली, कोणालाबी इचारा. आटे पाडायचे म्हणलं की आपला हात कोणी धरू शकत न्हाई, मी सोताच सांगून राहिलो, पर खोटं न्हाई.

तर माझी पोरगी उज्जू, अकरावीला हाय, हिंगोलीला नेमबाजी शिकती. हवेची रायफल, छर्ऱ्याची, खेळायची, शिकारीची न्हाई बरं का. रायफल क्लबची. त्या रायफलीच्या पाठीवर एक खाचेची पट्टी असती, रेल म्हणत्यात तिला, तिच्यावर मागचं साइट बसतं, बारीक भोकाचं, त्याला डोळा लावून नेम धरायचा. त्या रेलच्या स्क्रूचे आटे गेले होते, साइट डगडग करायचं. उज्जूचे सर म्हणले, भाऊ, तुमीच बसवून द्या, आठवड्यात निवड चाचणी हाय. म्या नवे आटे पाडले, रेल बराबर बसवली, अन् तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमी हत्यार चालवत न्हाई. उज्जूच्या मायनं पकड, पाने, ऐरण, सगळ्याला हळदीकुंकू लावलं, अन् ती उघडी रेल दिसली तर तिच्यावरबी ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली.

दसरा झाला. सकाळी साइट चढवायला बसलो, फडकं उचललं तर ही ओरडली, अवं, कुंकू पुसता काहून, पोरीचं चांगलं व्हायचंय ना. म्या म्हणलं जाऊ दे बापा, अन् तसंच वरून साइट आवळलं. चूक माझीच, तिची न्हाई.

काय सांगू तुमाला, मागच्या आवारात कागद लावून उज्जूनं छर्रे मारले तर एक डावीकडं, एक वर, एक कुठं गेला देवाला ठाऊक. पोरगी म्हणली, बाबा, मी न्हाई जात चाचणीला, सरला काय तोंड दाखवू. मला वाटलं, रेलच वाकडी बसवली म्या, लेकराची सारी मेहनत मातीत घातली.

साइट काढून बघतो तर खाली वाळलेल्या कुंकवाचा थर. साइट लोखंडावर बसलंच न्हाई, थरावर बसलं, अन् दर छर्ऱ्याला जरा जरा सरकून राहिलं. रेल सरळच होती! आरारारा, काय जीव भांड्यात पडला म्हणता. तरी फडक्याला हात लावायची हिंमत होईना, हिच्याकडंच बघत बसलो. ती पुढं आली, सोताच्या पदरानं खसाखसा पुसलं अन् म्हणली, बसवा आता, बघता काय.

चाचणीच्या दिवशी दुकानात पाना हातात अन् ध्यान हिंगोलीत. दुपारी उज्जूचा फोन आला. मला इचारायचं धाडसच होईना. तीच म्हणली, बाबा, जराबी हाललं न्हाई. म्या तिथंच पोत्यावर बसलो अन् गिऱ्हाईकासमोर रडलो. निवड? व्हय, तीबी झाली, पर ते म्या मागून नीट ऐकलं.

आता ती निवड झालेल्या पोरांच्या शिबिराला गेलीय. घर सुनं लागतं, पर मन हलकं हाय. लेकराचा हात असाच थीर ऱ्हावो, बाकी आवळायला मी बसलोच हाय.