बुधवारची आग

ज्यानं कुणी हा कायदा लिहिलाय ना, त्याचं स्वतःचं घर कधी जळलेलं नाही — एवढं मी तुम्हाला लिहून देते. जळलं असतं तर असले प्रश्न सुचलेच नसते. ‘नुकसान कशामुळे झालं?’ म्हणे! अहो, आगीमुळे. आग लागली, घर जळलं, संपलं. त्यात आणखी काय सांगायचं असतं? नाही, चिडत नाहीये मी. तुमच्यावर तर मुळीच नाही. तुम्ही काय, ओमाहाहून गाडी चालवत आलात, कर खात्यानं तुम्हाला आमच्या शाळेच्या व्यायामशाळेत आणून बसवलं, डोक्यावर बास्केटबॉलची जाळी लोंबतेय, समोर अख्खं गाव रांगेत — तुमचा काय दोष? बिल्ल्यावर नाव आहे तुमचं, कीथ. नुसतं कीथ. आडनाव लावत नाहीत वाटतं कर खात्यात? बरोबरच आहे म्हणा. आडनाव कळलं तर लोक घरी येतील.

हं, माझं नाव नोरीन हाबेगर. पत्ता मेपल स्ट्रीट, शेवटून दुसरं. म्हणजे होतं. शेवटून दुसरं होतं, आता नुसतंच — जाऊ द्या. तारीख? तारीख काय, ती सगळ्यांची तीच. शुक्रवार. टोर्नेडो आला तो शुक्रवार. लिहा ना. पेन का थांबलं तुमचं? आग कशी लागली? आता टोर्नेडोत आग लागत नाही का? त्या बाउमगार्टनांचं घर नाही का जळलं — वादळानं गॅसचा पाइप तुटला, ठिणगी पडली, गेलं. त्यांचं लिहिलंत ना तुम्ही? लिहिलंत. मी रांगेत मागेच होते, ऐकलं सगळं. बाई रडत होती, तुम्ही तिला कागदी रुमाल दिलात. म्हणजे आग चालते. आगीला हरकत नाही. मग माझ्याच आगीला काय झालं?

आणि एक समजून घ्या, मला भीक नकोय. तीस वर्षं मी मांसाच्या कारखान्यात काढली, आता पाळीची सुपरवायझर आहे — दर शुक्रवारी पगाराच्या कागदावर पहिला आकडा कोणता? तुमचा. माझ्या हातात यायच्या आधी तुमचा. एकदा तरी चुकवला का मी? नवरा चुकवायचा, म्हणून तर — तो वेगळा विषय. तर मी म्हणते, घर गेलं, विमा कंपनीनं छप्पर जुनं होतं म्हणून निम्म्यावर हात वर केले, उरलेलं नुकसान माझ्या कमाईतून वजा करा आणि जो कर आधीच कापलाय त्यातला थोडा परत द्या. माझाच पैसा. त्यातून मला ते जळकं उचलायला यंत्र लावायचंय. नगरपालिकेची नोटीस आहे — महिनाअखेर जागा साफ करा, नाहीतर आम्ही करू आणि खर्च प्लॉटवर चढवू. चढवला की प्लॉट गेला. घर तर गेलंच, निदान जागा राहू दे ना! जागा असली तर माणूस तंबू तरी ठोकतो. घटस्फोटात एवढी एकच गोष्ट मागितली होती मी. गाडी त्याला, बोट त्याला, कुत्रा त्याला. कुत्रासुद्धा दिला हो.

आणि इकडे बघा गंमत — टोर्नेडोत ज्यांची घरं पडली, त्यांनी नुसतं रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवायचं. नारिंगी ट्रक येतात, उचलून नेतात. फुकट! वॉशिंग्टनच्या पैशानं. मी त्या ट्रकवाल्याला थांबवून म्हटलं, बाबा रे, माझंही घे. त्यानं वास घेतला — हो, खरंच वास घेतला — आणि म्हणाला, बाई, हे जळकं आहे. मी म्हटलं, मग काय उकडलेलं असायला हवं होतं?

हसा, हसा. मला पण हसू येतं कधी कधी.

लोक चांगले आहेत हो, तसं नाही. आमच्या वेल्डनसारखं गाव शोधून सापडायचं नाही. शेजारची आर्डिथ टॉलेफ्सन — माझं घर शेवटून दुसरं आणि तिचं तिसरं — ऐंशीला आलेली बाई, पण घर पेटलेलं तिनंच पाहिलं, फोन तिनं केला, घरातल्या चपलांवर बाहेर येऊन बंबवाल्यांना रस्ता दाखवला. मी कारखान्यात. कपडे वाळवायचं यंत्र चालू ठेवून गेले होते, कोण नाही जात? आणि दुसऱ्या दिवशी मी बहिणीकडे तळघरात गादीवर पडलेली, तर आर्डिथ दारात उभी. हातात काचेचं मोठं भांडं, निळ्या फुलांचं, फडक्यात गुंडाळलेलं — खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे लावून भाजलेले, अजून बुडबुडे येत होते. बुडाला चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेननं ‘आर्डिथ टी.’, म्हणजे भांडं परत करताना चुकायला नको. ती नेहमीच लावते. चर्चच्या जेवणात दहा भांडी सारखी असतात ना. मी म्हटलं, अहो, एवढं कशाला, तर म्हणाली, गुरुवारी मी कुणासाठी तरी करतेच, आज तुझी पाळी.

काय?

काय झालं? असे काय बघताय?

...हो. म्हणाली ती गुरुवार.

बरं, ठेवा ते पेन. ठेवा हो, एवढं पकडून बसू नका. बुधवार. झालं समाधान? बुधवारी दुपारी जळलं माझं घर. टोर्नेडो शुक्रवारी आला. दोन दिवस! दोन दिवसांनी माझं नशीब हुकलं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा कर खात्याशी खोटं बोलले आणि ते पण धड जमलं नाही — एका खिम्याच्या भांड्यानं पकडून दिलं. पण तुम्ही मला एक सांगा, कीथ, तुम्ही शिकलेले आहात — बुधवारची राख आणि शुक्रवारची राख वेगळी असते का? हाताला वेगळी लागते? माझ्या आईचं शिवणयंत्र वितळून त्याचा गोळा झालाय. शुक्रवारी वितळलं असतं तर जास्त वितळलं असतं का?

पूर्वी असं नव्हतं. मला माहीत आहे, मला शिकवू नका. माझ्या मावशीचं घर काकाच्या सिगारेटनं जळलं — सिगारेटनं हो, त्याच्या स्वतःच्या! — तरी त्यांनी नुकसान वजा केलं, खात्यानं हूं की चूं केलं नाही. मग मधे कधीतरी तिकडे वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी एक ओळ घातली: राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली असेल तरच. बस्. एक ओळ. म्हणजे माणूस एकटा जळला तर ती त्याची भानगड, आणि गावासकट उडाला तर ते नुकसान. दुःखाला वरून सही लागते. मी तर म्हणते, एकट्यालाच जास्त मदत लागते! गाव उडालं की माणसं येतात, टेक्सासहून करवती घेऊन पोरं येतात, चर्चमध्ये तीन वेळा जेवण असतं, कॉफी तर विचारूच नका. माझ्याकडे बुधवारी कोण आलं? विम्याचा माणूस आला आणि फोटो काढून गेला. आणि आर्डिथ. बस्, एवढंच.

आता ऐका ह्याच्यावरची कडी. ते तुमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंय ना — या तालुक्यातल्या सगळ्या करदात्यांना विवरण भरायला मुदत वाढवून दिलीय? सगळ्यांना ना? मग त्यात मी आहे! हो की नाही? आहे ना? बघा. म्हणजे कर भरायच्या वेळेला मी आपद्ग्रस्त. तुम्हाला द्यायचं असेल तर दमानं द्या, नोरीनबाई, तुमच्यावर केवढा प्रसंग आलाय! आणि तुमच्याकडून मागायला आले, की कोण तुम्ही? तुमचं तर बुधवारचं! अहो, तो टी-शर्ट पाहिलात का, त्या टेबलावर विकतायत तो? ‘वेल्डन उभं राहणार’, आणि पाठीवर उडालेल्या सगळ्या रस्त्यांची नावं. ओक आहे, एल्म आहे, मेपल आहे. मेपल आहे हो! मी घेतला एक. काल घालून दुकानात गेले तर मुलीनं पैसे घेतले नाहीत. मी काही बोलले नाही. दूध घेतलं आणि आले. काय बोलणार होते? नाही गं, पोरी, मी त्यातली नाही, मी आधीच बेघर झालेली?

तुमचा चेहरा मला वाचता येत नाही, कीथ. तुम्हाला वाईट वाटतंय की जेवायची वेळ झालीय? वाईट वाटतंय. बरं. वाईट वाटण्याचा रकाना असतो का तुमच्या कागदावर?

गुरुवारी सकाळी माझे कर भरणाऱ्या माणसाला फोन केला, तेव्हाच त्यानं सांगितलं होतं. म्हणाला, नोरीन, नुसत्या आगीचं काही मिळत नाही आता. एखादी आपत्ती जाहीर झाली असती तर गोष्ट वेगळी. असं सहज म्हणाला तो. वाक्य टाकलं आणि फोन ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगे वाजायला लागले. बहिणीच्या तळघरात आम्ही चौघं, रेडिओ चालू — ओक स्ट्रीट ओलांडला म्हणे, आता मेपलच्या दक्षिणेच्या टोकाला आहे, उत्तरेकडे सरकतोय. बहीण देवाला म्हणतेय, थांबव रे, थांबव. तिची पोरं रडतायत. आणि मी — माझे ओठ हलत होते, तिला वाटलं मी पण तेच म्हणतेय.

मी म्हणत होते, आणखी थोडं. देवा, आणखी थोडं उत्तरेला येऊ दे. माझ्या भिंती उभ्या आहेत अजून, काळ्या का असेनात, त्या पाड. मग त्याही याच्यातच जमा होतील, कुणाला कळणार आहे? एवढंच. काय वाईट चिंतलं मी कुणाचं? माझंच घर मागत होते ना? माझंच, आधीच जळलेलं! पण मेपलवर दक्षिणेकडून माझ्या घरापर्यंत यायचं तर... वाटेत आहे ना घर. तिसरं. शेवटून तिसरं आधी लागतं.

आलं हो. मागितलं तसं आलं. आर्डिथचं घेतलं — पायापासून, खिळासुद्धा ठेवला नाही, म्हातारी मोरीतल्या टबमध्ये अंगावर गादी ओढून पडली होती म्हणून वाचली — तिचं घेतलं, आणि वादळ तिथंच वर उचललं गेलं. माझ्या अंगणात पान हललं नाही. माझ्या काळ्या भिंती अजून तशाच उभ्या आहेत. दाराजवळ टपालपेटी आहे, ती पण उभी. हे मी बहिणीला पण बोलले नाही. तुम्हाला कशाला सांगितलं काय माहीत. तुम्ही काही बोलतच नाही, म्हणून माणूस बोलत सुटतो. हे शिकवतात का हो तुम्हाला ओमाहात?

नाही, कागदी रुमाल नको. ते बाउमगार्टनबाईंसाठी ठेवा. लिहा तुम्ही. बुधवार लिहा, आणि कारणाच्या पुढे लिहा, कपडे वाळवायचं यंत्र. मग खाली ते काय लिहायचं असतं ते लिहा — बसत नाही, पात्र नाही, जे काय असेल ते. नीट लिहा पण. माझं आडनाव एच-ए-बी असं आहे, लोक दोन बी घालतात. आणि मी उठते आता, माझ्यामागे केवढी रांग —

आर्डिथ.

अहो... तुम्ही कधीपासून उभ्या आहात इथं? खुर्ची देते, थांबा — बसा ना, आर्डिथ, अशा उभ्या नका राहू — मी आपलं ह्यांना काहीतरी — आर्डिथ, तुम्ही काही...

“साहेब, सकाळी तुम्हाला नुकसानाची यादी दिली ना मी, त्यात एक चूक झालीय. स्वयंपाकघरातलं निळ्या फुलांचं काचेचं भांडं आहे बघा, तेवढं खोडा — ते गेलेलं नाही, ते हिच्याकडे आहे.”