पान उलटायचं 'हं'

...आणि वर मलाच विचारतो, 'तू अशी फुगलीस का?' आता बोला! मी फुगले? मी? तुम्हाला सांगते, मी आत स्वयंपाकघरात भाजी चिरतेय, बाहेर सोफ्यावर माझा नवरा आणि माझी धाकटी नणंद, दोघांच्या मांडीवर मिळून एकच पुस्तक, आणि घरात चिडीचूप. मला शांततेची भारी भीती वाटते हो, कुणी बोलेनासं झालं की वाटतं आता काहीतरी धाडकन पडणार! आणि तेवढ्यात, 'हं'. मी दचकले. पानाची सळसळ. पुन्हा शांतता. पुन्हा 'हं', पुन्हा मी दचकले! लहानपणापासूनची पद्धत म्हणे. ज्याचं आधी वाचून होईल त्याने गुपचूप थांबायचं, मागे राहिलेल्याने 'हं' म्हटलं की पान उलटायचं. भांडण नाही, घाई नाही, काय तो समजूतदारपणा! आता मला हेवा वाटला असं कुणी म्हणू नका हं. मी आपलं सांगतेय.

आणि पुस्तक तरी कसलं? चित्रांचं! नणंद छापखान्यात रंग तपासते, नवीन नोकरी लागली म्हणून खोली मिळेपर्यंत आमच्याकडे आली, तर कपडे एवढेसे आणि कॉमिक्सची बॅग ही एवढी! 'कॉमिक्स काय म्हणतेस वहिनी, ग्राफिक नॉव्हेल म्हण!' बरं बाई, ग्राफिक नॉव्हेल.

माझं दुखणं तुम्हाला कळत नाहीये. अहो, आमचं जमलंच मुळी माझ्या आवाजावर! नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. घरी आला की आडवा. 'दिवसभर लोकांचे डोळे बघून माझे डोळे दमतात गं, तू वाच, मी ऐकतो.' आणि मी एम.ए.ला मर मर मरून वाचलेल्या कादंबऱ्या, पात्रागणिक आवाज बदलून वाचायची. रोज! आता? आता कुठे गेले ते दमलेले डोळे? बहीण आली आणि बरे झाले? पण हेवा नाही हं. मी आपलं सांगतेय.

एक दिवस दोघं कामावर गेल्यावर मी त्यातलं एक पुस्तक बॅगेतून काढलं. चोरून कसलं, माझ्याच घरात! पात्रांच्या तोंडापुढच्या फुग्यांतले सगळे शब्द वाचले. चहा निवायच्या आत संपलं! संध्याकाळी ठणकावून सांगितलं, 'यात काही नाहीये.' नणंद म्हणते, 'आणि चित्रं?' म्हटलं, 'चित्रं काय वाचायची असतात?' दोघं एकमेकांकडे बघून हसली. मी आणखी पेटले! म्हटलं, 'आणा इकडे, मी मोठ्याने वाचते!'

बसले दोघांच्या मधे. घसा साफ केला. 'धाड्! खळ्ळ्! आई, जेवलीस का?' मुलीचा आवाज नाजूक, आईचा घोगरा, अगदी रंगात आले. पान उलटलं, तर फुगाच नाही! नुसती खुर्ची. आई बसायची ती. रिकामी. पुढच्या चौकटीत तीच खुर्ची, फक्त खिडकीतला उजेड जरा सरकलेला. पुढे तीच खुर्ची, उजेड आणखी सरकलेला, खुर्चीच्या हातावर आईचा चष्मा. पुढे अंधार.

काय वाचू? सांगा ना, काय वाचू मोठ्याने? दुपारी मी ही पानं भराभरा उलटली होती हो! शब्द नाहीत म्हणून! आई गेली होती आणि मला पत्ताच नव्हता. मी एकेक चौकट पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. नवरा हळूच म्हणाला, 'हं?' मी म्हटलं, 'थांब रे!'

झालं. त्या दिवसापासून मला या पुस्तकांचं वेडच लागलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरते, भाजी करपते. मधे नणंदेला खोली मिळाली, ती गेली, बॅग माझ्यासाठी ठेवून गेली. गुणी आहे पोरगी, मी नाही कुठं म्हणते? म्हटलं, आता सोफा आमच्या दोघांचा, 'हं' आमचं दोघांचं! कसलं काय! प्रत्येक पुस्तक याचं आधीच वाचून झालेलं. तिच्याबरोबर! मी अजून वरच्या चौकटीत, आणि हा पुढच्या पानावरचं आठवून आत्ताच हसतोय! कुणी मेलं की माझ्या आधी उसासे टाकतो! आता मात्र वाटला हेवा. वाटला! काय म्हणायचंय ते म्हणा!

म्हणून काल दुकानात जाऊन एक नवंकोरं आणलं. त्या बॅगेत नसलेलं, आमच्या दोघांपैकी कुणीच न पाहिलेलं. वेष्टनसुद्धा फाडलं नाही. हा आल्याबरोबर पुढे धरलं. काय खूश झाला म्हणून सांगू! हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, वेष्टनावरूनच वास घेतला, माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं आणि म्हणाला, 'अगं, आत्ता उघडायला नको! रविवारी ताईला बोलावू या, तिघं मिळून वाचू!'

धाकट्या बहिणीला लाडाने ताई म्हणतो हो हा.

पुस्तक कपाटात ठेवलं, आणि म्हटलं... 'हं.'