शून्य वर असतं

न्यासुलू : नाही म्हणजे नाही, मॅडम! प्रयोगशाळेची किल्ली फक्त परीक्षेला निघते. तुम्ही शाळेत नवीन आहात, आमची पद्धत तुम्हाला ठाऊक नाही.

म्हांगो मॅडम : कळली की पद्धत, काका. मुली चार वर्षं वहीत ब्युरेटचं चित्र काढतात आणि खरी ब्युरेट थेट परीक्षेत बघतात.

न्यासुलू : म्हणूनच अकरा वर्षांत एक काच तडकली नाही. तपासनीस येतात ते माझी पाठ थोपटून जातात. विचारा हेडमास्तरांना.

म्हांगो मॅडम : विचारलं. म्हणाले, न्यासुलूंनी दिली तर घ्या.

न्यासुलू : मग मिटलं!

म्हांगो मॅडम : काल बाजारात तुमच्या लुसुंगूकडून सुकी उसिपा घेतली.

न्यासुलू : मासळी छान वाळवते पोरगी. अभ्यासात डोकं नाही, निदान हाताला काम तरी आहे.

म्हांगो मॅडम : डोकं नाही असं कोण म्हणतं?

न्यासुलू : गेल्या वर्षीचा निकाल. रसायनात नापास.

म्हांगो मॅडम : तीन गुणांनी. परीक्षेतले आकडे अजून तोंडपाठ आहेत तिला. पुढचं गणितही बिनचूक. फक्त ब्युरेट उलटी वाचली.

न्यासुलू : उलटी कशी?

म्हांगो मॅडम : त्या काचेच्या नळीत शून्य वर असतं ना? पाणी चोवीसच्या खाली तीन रेघांवर होतं. हिनं पंचवीसपासून वर सात रेघा मोजल्या आणि चोवीस पॉइंट तीनच्या जागी पंचवीस पॉइंट सात लिहिलं. बादली भरते तसं, खालून वर. वहीतल्या चित्रात आकडे कुणी घातलेच नव्हते.

न्यासुलू : मी... मी तिथंच उभा होतो. शून्य वर असतं हे मला माहीत आहे, मॅडम. दर शुक्रवारी पुसतो मी त्या.

म्हांगो मॅडम : परीक्षेत तुम्ही बोलू शकत नव्हता.

न्यासुलू : परीक्षेत नव्हतो बोलू शकत. पण आदल्या आठवड्यात ती घरी म्हणाली होती, "बाबा, एकदा दाखवा ना. हात नाही लावणार." मी म्हटलं, माझ्याकडे वशिला चालत नाही.

म्हांगो मॅडम : पुन्हा परीक्षेला बसतेस का, विचारलं तिला. म्हणाली, बाबा म्हणतात ते आपलं काम नाही.

(न्यासुलू खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवतो.)

न्यासुलू : केरसुणी दारामागे आहे. काही फुटलं तर मला हाक मारा, पोरींना ओरडू नका.

म्हांगो मॅडम : उद्या दुपारी आणते त्यांना.

न्यासुलू : उद्या बाजार नसतो. लुसुंगू आली तर चालेल? मागं उभी राहील.

म्हांगो मॅडम : मागं कशाला?

न्यासुलू : बरं, पुढं. आणि मॅडम... तिला हात लावू द्या.