साडूचा हप्ता

मंडळी, देवासमोर बसलात, खरं सांगा — दुसऱ्याचं बरं झालं की आपल्या पोटात का दुखतं? डॉक्टर म्हणेल अपचन. अहो, पण कसलं? दुसऱ्याच्या सुखाचं!

ऐका तर. एका गावात दोन साडू. थोरली बहीण इंदू त्र्यंबकरावांना दिलेली, धाकटी रंजना भागवतरावांना. दोघंही बेचाळीसचे. त्र्यंबकराव अंगानं भरलेले, जिलबीला कधी नाही म्हणायचे नाहीत. भागवतराव काडीसारखे, रोज पहाटे टेकडी चढून यायचे. आणि इंदूबाईंचं उठता-बसता एकच — "भागवतरावांकडे बघा जरा." हसताय? तुमच्याही घरी चालतं वाटतं!

दोघांनी मिळून आयुर्विमा काढायचं ठरवलं. त्र्यंबकरावांनी चार कंपन्यांचे दर मोबाइलवर ताडून पाहिले. मग एजंट घरी आला.

"पन्नास लाखांच्या विम्याला भागवतरावांना वर्षाला चौदा हजार. त्र्यंबकराव, तुम्हाला एकोणीस."

"का? मीच आधी मरणार आहे का?"

"तसं नाही साहेब. वजन ब्याण्णव आहे तुमचं. तपासणीत साखर निघाली तर हप्ता अजून चढेल."

झालं! मरणाचं दुःख नाही, मंडळी. साडू आपल्यापेक्षा स्वस्तात मरतोय, याचं दुःख!

तपासणीला दोघं तालुक्याच्या लॅबमध्ये गेले. लघवीच्या बाटल्या भरल्या — आयाबायांनो, हसू नका, देहधर्म आहे — नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या, खिडकीत ठेवल्या. भागवतराव हात धुवायला गेले. चिठ्ठ्यांचा डिंक अजून ओला. त्र्यंबकरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि चिठ्ठ्या बदलल्या! मनात काय? निघू दे याच्या नावावर साखर, टेकडी चढतोय मोठा.

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. भागवतरावांचा स्वच्छ. त्र्यंबकरावांच्या नावावर साखर, तीही भरपूर. हप्ता सत्तावीस हजार! त्र्यंबकराव लॅबवर चिडले, एजंटवर चिडले, आणि जिना उतरता उतरता मध्येच थांबले. ही साखर आपली नाहीच. ही त्याची आहे.

म्हणजे साडू किडकिडीत म्हणून आपण जळत होतो, आणि तो बिचारा आतून झिजत होता. सांगावं? सांगितलं तर चोरी उघडी. आणि मंडळी, आत बसलेला तो जळका माणूस म्हणत होता, गप्प बस, पहिल्यांदाच पुढं गेलायस त्याच्या.

गप्पच बसले चार दिवस. मग अक्षय्य तृतीयेला रंजनाबाईंकडे सगळ्यांना जेवायचं बोलावणं.

"रिपोर्ट स्वच्छ आलाय," भागवतराव बायकोला म्हणाले, "वाढ अजून एक वाटी रस."

रंजनाबाईंनी वाढला. तिसरी वाटी. भागवतरावांनी ती तोंडाला लावली, आणि त्र्यंबकरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"ती वाटी खाली ठेवा, भागवतराव."

आणि सांगितलं सगळं. इंदूबाईंनी तोंडाला पदर लावला. रंजनाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. भागवतरावांनी वाटी ताटाबाहेर सरकवली.

"म्हणजे साखर मला आहे."

"हो. मला माफ करा."

"उद्या डॉक्टरकडे जातो," भागवतराव म्हणाले. "पण एक सांगा. मग माझ्या नावावरचा स्वच्छ रिपोर्ट कुणाचा?"

"माझाच," त्र्यंबकराव म्हणाले. बघा मंडळी! स्वतःचं निरोगीपण त्यांनी स्वतःच्या हातानं साडूच्या नावावर डकवलं होतं, आणि वर त्याच्यावरच जळत बसले होते.

मंडळी, मत्सर दुसरं काय करतो? आपलं ताट उघडून बघूच देत नाही. आता प्रसाद वाटतील. मी इथून बघत उभा आहे — शेजाऱ्याच्या द्रोणात शिरा किती पडला, हे कोण कोण वाकून बघतंय ते. आधी आपल्या द्रोणात बघा. देवानं वाढलेलं तिथं आहे.